आमच्या व्हाळाचं तोंड कोणी फोडायचं?

कोंडीवरचा
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज घरचंच भांडण घेऊन आलोय.

गाव मालवण आणि देवगडच्या मधलं, किनाऱ्यावरचं. नाव लिहीत नाही, अर्धं गाव इथे वाचतं आणि उरलेल्या अर्ध्याला स्क्रीनशॉट पाठवतं. आमच्याकडे एक व्हाळ आहे. नदी म्हणावी एवढी त्याची ऐपत नाही, सड्यावरच्या (वरच्या कातळपठारावरच्या) झऱ्यापासून चालत निघालात तर मधे कोणाकडे चहाला थांबूनसुद्धा दोन तासात पुळणीवर (समुद्राच्या वाळूवर) पोचाल. पण त्याच्यावर चार वाड्या आहेत. वर सड्याच्या कडेला धनगरवाडी, मग शेतवाडी (आम्ही), मग माडांच्या बागायतीतली भंडारवाडी आणि तोंडाशी मासेमारांची गाबीतवाडी.

तर प्रकार असा. पावसाळा संपला की व्हाळाचा जोर ओसरतो आणि समुद्र वाळू आणून टाकायला लागतो. आधी व्हाळ वाळूला वळसा घालून पुळणीला समांतर वाहतो, दिवाळीनंतर कधीतरी तोंडच बंद. मग आत जे पाणी तुंबतं त्याच्यावर सगळ्यांची भिस्त. भंडारवाडीच्या विहिरी त्याच्यामुळे गोड राहतात, आमची मिरची, वाली, लाल माठ त्याच्यावर होतो. जूनमधे पाऊस लागला की पाणी चढत चढत आमच्या कुणग्यांत (भाताच्या वाफ्यांत) शिरतं, तेव्हा चार माणसं फावडी घेऊन जातात आणि वाळूत चर मारतात. चर दोनच फुटाचा मारायचा, पुढच्या तासाभरात पाणीच त्याचा वीस-पंचवीस फूट करतं. लहानपणी हे बघायला आम्ही शाळा बुडवायचो.

फोडायचं कधी ते एक म्हातारे मानकरी ठरवायचे. ते जाऊन ३ वर्षं झाली. गेल्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात पुळणीजवळच्या एका होमस्टेवाल्याने पाण्याला वास येतो, गेस्ट तक्रार करतात म्हणून जेसीबी घालून तोंड मोकळं केलं. सहा महिने धरलेलं पाणी एका दुपारात समुद्रात. भंडारवाडीच्या विहिरी चौथ्या दिवशी मचूळ, आमची वाली वेलावरच सुकली. गाबीतवाडी म्हणाली बरं झालं, होड्या आत घेता आल्या. नशीब म्हणून २५ मेलाच मान्सून देवगडात पोचला, नाहीतर डोकी फुटली असती.

यंदा रविवारी देवळात बैठक आहे आणि नियम लिहून आणायचं काम माझ्या गळ्यात आलंय, कारण मी डोंबिवलीला राहतो म्हणजे शिकलेला. तर सांगा, अशा व्हाळाचं तोंड फोडायचा हक्क कोणाचा? आणि कधी फोडावं याचा काही हिशोब असतो का? तुमच्याकडे काय पद्धत?

चहाटळ
तोंड फोडायचा हक्क वाचून मला वाटलं धागा सासरच्यांबद्दल आहे. खुर्ची घेऊन आलो होतो.

पऱ्याकाठी
आमच्याकडे गुहागरच्या बाजूला याला पऱ्या म्हणतात. व्हाळ म्हटलं की आजी विचारायची, तू कुठल्या देशातून आलास?

आमच्या पऱ्याला असं तोंड बंद होणं वगैरे भानगड नाही, तो खडकातून थेट समुद्रात पडतो. पण मार्गशीर्षात आम्ही त्याला जागोजागी बांध घालतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून. आता त्याला वनराई बंधारा म्हणतात आणि ग्रामपंचायत फोटो काढून पाठवते, पूर्वी दगड, माती, पेंढा आणि घरटी एक माणूस एवढंच असायचं. त्यातही वरचा आणि खालचा हे भांडण होतंच, वरच्याने बांध जरा घट्ट घातला की खालच्याच्या पोफळी माना टाकतात.

उघाडी
अलिबागकडे ओहोळ. आणि आमचं दुखणं बरोबर उलटं. तुम्ही गोडं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून भांडता, आम्ही खारं आत येऊ नये म्हणून. खारबंदिस्तीच्या बांधाला जी लाकडी झडप असते तिला उघाडी म्हणतात (माझा आयडी तोच). भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ती आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडते. बांधाला खांड पडली की संपलं, एका उधाणात खारं पाणी शेतात आणि पुढची तीन-चार वर्षं भात विसरा. बांध सांभाळायला सरकारने १९४८ साली कायदा केला, परत १९७९ ला नवीन केला, तेव्हापासून खारलँडचं वेगळं खातं आहे. आणि तेव्हापासून गावातलं कोणी फावडं घेऊन बांधावर जात नाही, कारण ते खात्याचं काम. खात्यात विचारलं तर बजेट नाही.

चहाटळ
म्हणजे उघाडी हा आयडी ओहोटीलाच ऑनलाइन येणार का?

उघाडी
मालक, तुमच्यासाठी कायम मिटलेली.

गाबीतवाडी
कोंडीवरचा, तू खंयच्या गावचो तां माका कळला. नाव सांगनय नाय, घाबरू नको. आमच्याकडेय असोच व्हाळ आसा म्हणान लिवतंय.

सगळे बोलतत पाण्याचा. होड्यांचा कोण बोलताहा? १६ मे २०२१ क तौक्ते आमच्या समोरसून गेला तेव्हा बारो (व्हाळाचा तोंड) बंद होतो. होडये आत घेवक जागाच नाय. पुळणीर जेवढ्यो वर ओढूक गावल्यो तेवढ्यो ओढलो, तरी माझ्या काकाची होडी माडार आपटान दोन तुकडे झाली. रापणीची जाळी वाळयेत पुरान गेली ती चार दिवस खणत होतव. त्या दिवशी कोणी येवन तोंड फोडल्यान असता तर शेतवाडीवाल्यांनी वालीचो हिशोब मागितल्यानी असतो. वाली परत रुजता रे, होडी नाय रुजणा.

आणि आणखी एक. बोय, शेवटे, तांबोशी ह्यांची पिल्ला भायरसून आत येतत, व्हाळात वाढतत आणि परत दर्यात जातत. तोंड वेळेर उघडला नाय तर तुमका गावतली ती नुसती शेंगटी.

कोंडीवरचा
@गाबीतवाडी, कबूल. खरं सांगायचं तर तौक्तेच्या वेळी मी डोंबिवलीत टीव्हीवर वादळ बघत होतो, होड्यांचं डोक्यातही आलं नव्हतं. बैठकीत हे मांडतो.

सारवलेलं_खळं
शेवट्याचं तिखलं आठवलं आणि डब्यातली दुधी खाली उतरेना. त्रिफळं घालून, वर कच्चं खोबरेल. धागा कोणत्या विषयावर होता?

पऱ्याकाठी
त्रिफळं बांगड्याला. शेवट्याला नुसतं आमसूल आणि ठेचलेली लसूण.

गाबीतवाडी
@पऱ्याकाठी, ह्येच्यासाठीच तुमका व्हाळ मिळाक नाय, पऱ्या मिळालो.

आबोली
मूळ प्रश्नावर. मी वेंगुर्ल्याची. मला त्या "पाण्याला वास येतो" वर जरा बोलायचंय.

साठलेलं पाणी वास मारतं हे अर्धसत्य आहे. आमच्या लहानपणीसुद्धा व्हाळ सहा महिने तुंबलेलाच असायचा, आम्ही त्यात पोहायचो, म्हशी डुंबायच्या, बायका कपडे धुवायच्या. शेवाळाचा एक हिरवट वास असायचा, पण नाकाला पदर लावावा असा नाही. आता लावावा लागतो, कारण दर शंभर पावलांवर झुडपातून एक पाईप डोकावतोय. सेप्टिक टँक बांधतात पण वाळूत बांधतात, तळ घालत नाहीत, आणि सीझनला चार खोल्यांत सोळा माणसं राहिली की ते सगळं दोन दिवसात व्हाळाला. मग तोंड फोडलं की वास गेला असं वाटतं, जातो कुठे, समोर समुद्रात तेच गेस्ट पोहत असतात.

आमच्या मांडवीच्या खाडीत मच्छीमार बायकांचा एक बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो, स्वतः वल्ही मारतात. कांदळ कुठलं, तिवर कुठलं, चिपी कुठली ते सांगतात. त्यांचं पोट खाडी स्वच्छ राहण्यावर आहे म्हणून कोणी काठावरून पिशवी टाकली की होडीतूनच शिव्या सुरू. तुमच्या होमस्टेवाल्याचं पोट व्हाळावर नाही, समोरच्या समुद्रावर आहे, फरक एवढाच.

चहाटळ
चिपीला २०२० मधे महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष केलंय म्हणे. राज्य कांदळवृक्ष! परीक्षेत विचारतील बघा.

दहिसरपार
तुमचं भांडण वाचून हेवा वाटला हो. भांडायला पाणी आहे.

मी दहिसरचा. आमची नदी नॅशनल पार्कातल्या तुळशी तलावाकडून येते आणि जेमतेम बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. पार्काच्या आत बघाल तर तळाचे गोटे दिसतात, बाहेर पडली की पहिल्या अर्ध्या किलोमीटरात झोपडपट्टीचं सांडपाणी, मग धोबी, मग तबेल्यांचं शेण, मग सोसायट्या. माझे वडील तिला नदी म्हणायचे, मी नाला म्हणत मोठा झालो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या रात्री आमच्या चाळीत छातीपर्यंत पाणी होतं आणि पोटमाळ्यावर बसून वडील म्हणाले, आता म्हण नाला. नंतर दोन्ही बाजूंनी भिंती बांधल्या. आता पूर आला तर दिसत नाही, ऐकू येतो.

तर मुद्दा, काठाला राहणाऱ्यांना तिची गरज उरली नाही की तिचं नाव बदलतं. तुमच्याकडे अजून व्हाळ म्हणतात तोवर ठीक चाललंय.

वकील_नाही_पण
नावाप्रमाणे वकील नाही पण सीआरझेडशी (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे वगैरे नियम) रोजचा संबंध येतो म्हणून लिहितो.

भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्या मधली जागा सीआरझेड १ब मधे येते. तिथे कोणाची मालकी नाही, होमस्टेवाल्याची नाही, बारापाच मानकऱ्यांची नाही आणि ग्रामपंचायतीचीही नाही. पुळणीवर जेसीबी उतरवणं हा वेगळाच विषय, तहसीलदारांपर्यंत कागद गेला तर मशीन जप्त होतं. २०१९ च्या अधिसूचनेत भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी तेवढा पट्टा धरलाय. २०११ च्यात हे १०० मीटर होतं. तुमचा व्हाळ दहा मीटर रुंद असेल तर पट्टाही दहाच मीटर. त्या सेप्टिक टँकला याचा किती उपयोग होईल ते बघा.

हाताने चर मारण्याबद्दल मात्र माझ्या बघण्यात कोणी कधी तक्रार केलेली नाही. त्यामुळे नियम लिहिताना "हक्क" हा शब्द घालू नका. "पद्धत" लिहा.

कासवछाप
जेसीबीबद्दल आणखी एक. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात, पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस. म्हणजे मे महिन्यात वाळूत घरटी असू शकतात. वायंगणी, तांबळडेग, वेळास इथे लोक रात्री जागून घरटी राखतात आणि तुमच्याकडे बकेट घालून वाळू उपसतात. फावड्याने चर मारणारा माणूस निदान खाली बघत असतो.

चहाटळ
कासवछाप म्हटल्यावर मला डास आठवले. साठलेल्या पाण्यात डास होतात हा मुद्दा कोणीच काढला नाही अजून.

आबोली
पिकू माशांना सोडा, डासांच्या अळ्या तेच खातात. डास होमस्टेच्या एसीच्या ट्रेमधे होतात.

पाऊणपट
कधी फोडावं याचा हिशोब विचारलाय ना, तो मी सांगतो. बाकी कोण बरोबर कोण चूक यात मला पडायचं नाही.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईला याच्यापेक्षा थोडी उशिरा येते, मालवणात बऱ्यापैकी जुळतं.

आता फोडायची वेळ. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी धड वर चढत नाही आणि धड खाली उतरत नाही. भांगेला चर मारलात तर व्हाळ वरवर वाहतो, तळ खोल कापत नाही आणि दोन दिवसात समुद्र परत वाळू टाकून तोंड शिवून टाकतो. उधाणाला ओहोटी खूप खाली जाते, पाण्याला उतार मिळतो, ते वाळू खरवडत खोल जातं. म्हणून अमावस्या किंवा पौर्णिमा, किंवा त्यानंतरचे एक-दोन दिवस. भरती पूर्ण होऊन पाणी मागे सरकायला लागलं की तासाभराने चर मारायचा. म्हणजे पुढे पाच तास समुद्र तुमच्या बाजूने.

माझे आजोबा हे बोटांच्या पेरांवर करायचे. आता मोबाईलवर मिळतं, पण मोबाईलला व्हाळ ठाऊक नाही.

कोंडीवरचा
@पाऊणपट, हे प्रिंट काढून नेणार. पण घोळ बघा. आमच्याकडे दोन म्हातारे सांगतात की "ज्येष्ठातल्या अमावस्येला फोडायचा". आणि यंदा ज्येष्ठ दोन आहेत!

पाऊणपट
हा हा. अधिक ज्येष्ठाची अमावस्या १५ जूनला, निजाची जुलैच्या मध्यावर. निजाची धरलीत तर शेतवाडी होडीने फिराल. पाऊस चांद्रमास बघून पडत नाही, नक्षत्र बघून पडतो. मिरग ७-८ जूनला लागतो, अधिक असो नसो. मिरगानंतरचं पहिलं उधाण धरा.

चहाटळ
अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. यंदा होमस्टेवाल्याला ३३ अनारसे द्या, खाऊन झोपेल, जेसीबी राहील.

मांडवीपार
गोव्याहून. आमच्याकडे खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) शेतीला ज्या मानशी असतात त्या म्हणजे उघाडीच, फक्त आमच्याकडे त्या मानशीत मासे पकडायच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो. शेतकऱ्यांची संघटना लिलाव करते, आलेल्या पैशातून बांद दुरुस्त करायचे अशी कल्पना. म्हणजे मासेवाला पैसे देतो आणि शेतवाला दार सांभाळतो, दोघांचा जीव एकाच दारात.

पण ते बिघडलंच. मानस घेणाऱ्याला जास्त मासे हवेत, मग तो रात्री दार वर करून खारं पाणी आत घेतो. शेतं पडीक झाली तर त्याचं काय जातंय? कितीतरी खाजनांत आता कोरगुट भात पिकायचं तिथे कांदळ माजलंय. सांगायचं कारण, पैसे आले की भांडण मिटतं असं समजू नका. त्या होमस्टेवाल्याकडून वर्गणी घेऊन त्याला हवं तेव्हा फोडायला दिलंत तर पस्तावाल.

हार्बरब्रिज
सिडनीहून, मूळची रत्नागिरीची. हा धागा वाचून हसू आलं कारण आमच्या घरापासून जवळ हेच चालतं. नॅराबीन म्हणून एक लगून आहे, त्याचं तोंड वाळूने बंद होत राहतं. बंद झालं आणि वर पाऊस झाला की काठच्या घरांत पाणी. मग कौन्सिल मशीन आणून तोंड मोकळं करते. या किनाऱ्यावर अशा बंद-उघड होणाऱ्या खाड्या एवढ्या आहेत की त्यांना शास्त्रात वेगळं नावच आहे, आयकॉल.

आणि इथेही तीच भांडणं. काठावर राहणारे म्हणतात लवकर फोडा, मासेवाले म्हणतात थांबा, पक्षी बघणारे म्हणतात हातच लावू नका. शेवटी इथे लेव्हल ठरवलेली असते. पाण्यात मोजपट्टी उभी आहे, पाणी ठरावीक आकड्याला लागलं की फोडायचं, त्याच्या आधी कोणी कितीही ओरडलं तरी नाही. तारीख नाही, तिथी नाही. तिथी फक्त त्या आठवड्यातली भरती-ओहोटी बघायला.

तुमच्या त्या मानकऱ्यांकडे अशी काही खूण होती का? नुसत्या अमावस्येवर ते करत असतील असं वाटत नाही.

गाबीतवाडी
आमच्यात खूण म्हणजे होडी. बाऱ्यात बांधलेली होडी वांगडच्या माडाच्या मुळाक लागली काय फोडायचा.

कोंडीवरचा
@हार्बरब्रिज, दोन्ही म्हाताऱ्यांना फोन केला. एक म्हणाला तसली खूणबिण काही नव्हती, त्यांना स्वप्नात दृष्टांत व्हायचा. दुसरा म्हणाला चिऱ्यावर खूण होती, पण कुठल्या चिऱ्यावर ते माहीत नाही. आईला विचारतो.

सारवलेलं_खळं
दृष्टांताचा नियम लिहून काढा. "बा देवा म्हाराजा, आज जो काय जेसीबी इलो आसा, तेचा डिझेल आटव रे म्हाराजा..."

चहाटळ
व्हय म्हाराजा!

गाबीतवाडी
व्हय म्हाराजा!

पऱ्याकाठी
होय महाराजा (रत्नागिरी आवृत्ती).

सुलूमावशी
मी इथे फारशी लिहीत नाही, भाचीने टाइप करून दिलं आहे. माझं माहेर आचऱ्याच्या बाजूचं, सासर किनाऱ्याचंच. तुमचे पुरुष देवळात बसून चर्चा करणार, त्यांना काय माहीत असणार? व्हाळावर रोज कोण जायचं? आम्ही.

गणपतीच्या सान्याच्या (विसर्जनाच्या घाटाच्या) पायऱ्यांवर आम्ही धुणं धुवायचो. खालून तिसरी पायरी ही धुण्याची. मे महिन्यात तिच्यावर उभं राहिलं तर पाय कोरडे असायचे. पाऊस लागला की पाणी चढायचं, आधी घोटे, मग पोटऱ्या. लुगडं वर खोचूनसुद्धा काठ भिजायला लागला की मी घरी येऊन सांगायची, आज धुणं विहिरीवर. ते ऐकून माझे सासरे फावडं काढायचे. त्यांना कोणी मानकरी म्हणत असेल, पण पाणी कुठवर आलं हे ते मलाच विचारायचे.

तुमच्या गावातल्या धुणं धुणाऱ्या बाईला विचारा. अजून कोणीतरी जिवंत असेल.

आबोली
मावशी _/\_

हार्बरब्रिज
हेच ते! कौन्सिलने मोजपट्टी लावली, मावशींकडे लुगड्याचा काठ होता.

दहिसरपार
आमच्याकडे अजून धोबी धुतात नदीत. त्यांना जाऊन विचारावं असं पहिल्यांदा वाटलं.

कोंडीवरचा
उशिरा लिहितोय, बैठक झाली. नेट फक्त वडाच्या झाडाखाली येतं म्हणून थोडक्यात म्हणत म्हणत लांबेल.

आईला विचारलं. आई म्हणाली मला काय माहीत, तुझ्या काकीला विचार, मी तर लग्नानंतर मुंबईलाच. काकी म्हणाली "त्यात काय विचारायचं, चौथी पायरी". सुलूमावशींची तिसरी, आमची चौथी, पण गोष्ट शब्दशः तीच, पोटऱ्या आणि लुगड्याचा काठ. साठ वर्षं ही माहिती घरात होती आणि आम्ही मानकऱ्याच्या दृष्टांतावर विसंबलो होतो.

पण पुढे ऐका. दोन वर्षांपूर्वी सान्याचं सुशोभीकरण झालंय. पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, आणि पायऱ्यांवर नवीन काँक्रीट. पूर्वी सात होत्या, आता पाच. चौथी पायरी कुठली? सरपंच म्हणे नवीन चौथी धरा. भंडारवाडी म्हणे चालेल (उंच आहे, पाणी जास्त दिवस राहील). शेतवाडी म्हणे मग आमचे कुणगे बुडतील. शेवटी काकीला देवळातून उठवून सान्यावर नेली. वय ७४. चपला काढल्या, पायरीवर उभी राहिली, खाली वाकून बघितलं, एक पायरी उतरली, परत वर चढली, मग साकवाच्या (छोट्या पुलाच्या) खांबाकडे बोट दाखवून म्हणाली, त्या चिऱ्याच्या खाचेला पाणी लागायचं तेव्हा इथे काठ भिजायचा. खांब जुनाच आहे, जांभ्याचा, आणि खरंच त्याला बोटभर खाच आहे! दुसरा म्हातारा खरं बोलत होता. पोरांनी लगेच लाल ऑइलपेंटने रेघ मारली.

बाकी ठरलं ते असं. पाणी रेघेला लागलं की त्यानंतरच्या पहिल्या उधाणाला, ओहोटी लागल्यावर, फावड्याने. प्रत्येक वाडीतून दोन माणसं, चारही वाड्या हजर असल्याशिवाय चर मारायचा नाही. जेसीबी बंद. आणि @गाबीतवाडी, तुझ्यासाठी: मालवण बंदरात तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला की गाबीतवाडीने कोणालाही न विचारता फोडायचं, महिना कुठलाही असो. याला शेतवाडीतून विरोध झाला, मी तौक्तेचं सांगितलं, एक जण म्हणाला मग आमच्या वालीची भरपाई कोण देणार. त्याचं उत्तर मिळालं नाही. तसंच लिहिलंय, "भरपाईचं नंतर बघू".

होमस्टेवाला आला होता. पाईपाचं सीझन संपल्यावर करतो म्हणाला. धनगरवाडीतून कोणी आलंच नाही, त्यांना निरोपच गेला नव्हता, हे बैठक संपल्यावर कळलं.

वकील_नाही_पण
"हक्क" शब्द घातला नाहीत ना?

कोंडीवरचा
नाही. "रीत" घातला. काकी म्हणाली पद्धत म्हणजे लग्नाची.

गाबीतवाडी
बावट्याचा केलास तां बरा केलास. काकाक सांगलंय, तो कायच बोलाक नाय, नुसतो बघीत रवलो. वालीची भरपाई माशान देवया. काकीक सांग, पयल्या पाण्याचो शेवटो तिका.

पाऊणपट
साधी शंका. रेघेला पाणी लागलं आणि उधाणाला अजून सहा दिवस असतील, तर? तोवर शेतात पाणी.

कोंडीवरचा
हे बैठकीत कोणी विचारलंच नाही. काकीला विचारून सांगतो.

कोंडीवरचा
काकी म्हणते, "असा कधी झालाच नाय." मी म्हटलं झालं तर? म्हणे "तर धुणा विहिरीर."

चहाटळ
काकीचा आयडी काढून द्या रे कोणीतरी.

कोंडीवरचा
आज १२ जून, मिरग लागून पाच दिवस झाले. काल रात्री चांगला लागला होता, सकाळी परत उघडीप. रेघेच्या खाली पाणी दीड वीत. फोटो टाकतोय. खांबाच्या बाजूला जो दिसतोय तो धनगरवाडीचा मुलगा, वरून चालत आला बघायला, म्हणे सड्यावर कालपासून झरे फुटलेत, उद्यापर्यंत खाली येईल.

सारवलेलं_खळं
फोटो दिसत नाहीये.